अटकेपार वडापाव

घरासाठी पैसे साठवायचे असतील तर आधी बाहेरचं खाणं बंद करा, असा सल्ला देणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर हमखास १९८४ सालचं असतं. ते ऑफिसच्या सोसायटीत नंबर लागला म्हणून मिळालेलं असतं, नाहीतर वडिलांनी घेऊन ठेवलेलं असतं. त्या घरात, पंखा चारवर ठेवून, तो आपल्याला म्हणतो, "अरे, रोजचा एक वडापाव जरी वाचवलास ना, तरी बघ." मी आज्ञाधारक माणूस आहे. कागद-पेन्सिल घेऊन खरंच बघायला बसलो.

पुण्याच्या वेशीवर, म्हणजे पूर्वी जिथे शाळेच्या सहली जायच्या आणि आता जिथे मेट्रो येणार असं दर दिवाळीला सांगतात तिथे, बांधकाम चालू असलेला साठ लाखांचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच पैसे देते. म्हणजे आपले बारा लाख. इथवर सगळ्यांना पाठ असतं. खरी गंमत कॉस्ट शीटच्या खालच्या अर्ध्या भागात, बारीक टायपात सुरू होते. मुद्रांक शुल्क सात टक्के, चार लाख वीस हजार. जीएसटी पाच टक्के, तीन लाख. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. त्या अख्ख्या कागदावर दयामाया असलेला हा एकच आकडा. असला वरखर्च घराच्या किमतीत धरायला बँक सहसा तयार नसते, तो आपला आपण बघायचा. सगळे मिळून साडेएकोणीस लाख.

आता वडापाव. वीस रुपयांचा धरला तर ९७,५०० वडापाव. रोज एक वाचवायचा म्हटलं तर २६७ वर्षं. म्हणजे मराठी फौजा अटकेला पोहोचल्या त्या सुमारास, १७५८ साली, माझ्या खापर-खापरपणजोबांनी वडापाव सोडायला हवा होता. तो तेव्हा निघालेलाच नव्हता, त्यामुळे सोडायला त्यांना फारसे कष्टही पडले नसते. पण पूर्वजांना दूरदृष्टी नसली की पुढच्या पिढ्यांचे असे हाल होतात.

एवढं गणित समोर असूनही आम्ही काटकसर सुरू केली. न करून सांगता कुणाला? मुहूर्ताला बायकोने बँकेची फुकट मिळालेली डायरी काढली आणि रकाने आखले: वाणसामान, भाजी, दूध, पेट्रोल, औषधं, किरकोळ. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा सर्वांत मोठा आकडा "किरकोळ"खाली निघाला. मग किरकोळचे पोटरकाने झाले, आणि त्यांतल्या शेवटच्या रकान्याचं नाव "इतर किरकोळ" असं पडलं. तो सध्या आघाडीवर आहे.

दुधाच्या पिशवीचं एक शास्त्र आहे. कोपरा कापताना कात्री पूर्ण चालवायची नाही. कापलेला तुकडा पिशवीलाच लोंबकळत राहिला पाहिजे. मग पिशवीत थोडं पाणी घालून हिसळायचं, ते पाणी चहाच्या आधणात ओतायचं आणि ओली पिशवी ओट्यामागच्या टाइलवर थापायची. ती तिथे आपोआप चिकटते आणि वाळली की आपणहून सुटून खाली पडते. पडणं हीच वाळल्याची खूण. महिन्याचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. त्याच्या तराजूत तो ठेवला की काटा हलतो की नाही यावर त्याचं आणि बायकोचं कधीही एकमत होत नाही. मिळालेल्या पैशांतून पुढच्या पिशवीतलं घोटभर दूध येतं, आणि त्या दिवशीचा चहा फुकटचा असल्याच्या थाटात घेतला जातो. टूथपेस्टची ट्यूब पोट फाडून आतून पुसून काढणं आणि साबणाची चिपटी नव्या वडीच्या पाठीवर बसवणं हे तर प्राथमिक शाळेतलं.

भाजी मंडईतून, पण रात्री उठता बाजार धरून. त्या वेळी मेथीच्या जुड्या एकावर एक मिळतात, कधी भाजीवाल्या मावशी "ने बाई सगळीच" म्हणून उरलेला वाटा पिशवीत लोटतात. मग रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं मेथी निवडत बसतो. ही मजुरी डायरीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. दुसऱ्या दिवशी मेथीची भाजी, तिसऱ्या दिवशी ठेपले, चौथ्या दिवशी मुटके, आणि पाचव्या दिवशी मी ऑफिसात कुणाच्या तरी डब्यात बटाट्याची भाजी दिसते का ते बघत हिंडतो.

सगळ्यांत महाग पडली ती घरी केलेली पावभाजी. हॉटेलात दोघांचे चारशे जातील म्हणून घरी करायची ठरली. त्यासाठी लोण्याचं मोठं पाकीट, मसाल्याची पुडी, भाजी घोटायला नवा मॅशर (जुन्याचा दांडा निखळला होता), पावाच्या दोन लाद्या. घरची म्हणून लोण्यात हात आखडता घेतला नाही. मग सासूबाई आणि मेव्हणा यांनाही बोलावलं, कारण "एवढी केलीच आहे तर". आणि हॉटेलचे पैसे वाचले या आनंदात शेवटी आइस्क्रीम मागवलं.

थोडंफार साठलं ते वहीमुळे नाही, आरडीच्या काकूंमुळे. पोस्टाची आरडी घरोघर फिरून गोळा करणाऱ्या या बायका अल्पबचत एजंट असतात. आमच्या काकू महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगाराला आमचा हात लागायच्या आत, दारात उभ्या राहतात. आता पैसे परस्पर खात्यातून वळतेही करता येतात, पण मोबाइलला "या महिन्यात जरा अडचण आहे" असं बिनदिक्कत सांगता येतं. काकूंना सांगून बघा. त्या चष्म्यावरून नुसत्या बघतात, आणि नजर नव्या चपलांवर जाते.

आरडीचं गणित मात्र हळवं आहे. महिना दहा हजार, ६.७ टक्के व्याज, पाच वर्षं. भरले सहा लाख, हातात सुमारे सात लाख तेरा हजार. व्याजाचे एक लाख तेरा हजार ऐकून माणूस सुखावतो. त्याच पाच वर्षांत फ्लॅट दरसाल पाच टक्क्यांनीच वाढला असं समजा, तरी साठाचे साडेशहात्तर लाख होतात आणि त्यातला आपला वीस टक्के वाटा सव्वातीन लाखांनी फुगतो. थेंबे थेंबे तळं साचतं हे अगदी खरं आहे; त्या म्हणीत तळ्याचा काठ दरवर्षी मागे सरकवणारा बिल्डर नव्हता, इतकंच.

एका झटक्यात होण्यासारखी मोठी बचत मला एकच सापडली. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साठ लाखांवर साठ हजार. म्हणजे तीन हजार वडापाव, तेही नुसतं माझं नाव गाळून. बायकोला हा हिशोब इतका पटला की ती म्हणाली, "बघ, तू काहीही न करता किती वाचवतोस!" मी सीए मित्राला विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं, की मालकीत नाव नसेल तर गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत तुला मिळणार नाही. हप्ता भरायला मात्र कुणाची हरकत नसते. तेव्हापासून मी घरात, म्हणजे अजून नसलेल्या घरात, पाहुणा म्हणून राहण्याची मानसिक तयारी करतो आहे.

गेल्या काही वर्षांत आम्ही पुष्कळ वास्तुशांती जेवलो. जिलबीच्या वेळेला यजमानाला विचारायचं, "कसं जमवलंत हो?" उत्तर ठरलेलं. "पाच वर्षं हॉटेलचं तोंड पाहिलं नाही." "लग्नानंतर हिने एक पैठणी घेतली नाही." "ऑफिसातला चहासुद्धा सोडला मी." ऐकणारे माना डोलावतात. मग हात धुताना सासरेबुवा भेटतात आणि हळूच कळतं की एफडी त्यांनी मोडली, आईच्या पाटल्या गेल्या, पीएफ निघाला, गावाकडची दोन गुंठे जागा भावाने विकत घेतली. यातलं काही पंगतीत सांगितलं जात नाही. यजमान खोटं बोलतात असं मला मुळीच वाटत नाही. पीएफ काढण्यात सांगण्यासारखं असतं काय? अर्ज भरला, पैसे आले. पाटल्यांबद्दल बोलायला गेलं तर आईचे डोळे भरून येतात, आणि सासऱ्यांच्या एफडीबद्दल बोललं तर जावयाची मान खाली जाते. सोडलेल्या चहाबद्दल मात्र कितीही वेळ बोलता येतं, आणि तो कुणाचा उपकार नसतो. घर पाटल्यांनी उभं राहतं आणि श्रेय चहाला जातं, हे मला अन्यायाचं न वाटता फार शहाणपणाचं वाटतं. आमच्याही पाटल्या कुठे आहेत ते मला माहीत आहे. आई ते बोलत नाही, मीही विचारत नाही. आम्ही दोघं दुधाच्या पिशव्यांबद्दल बोलतो.

करमणुकीवरचा खर्च आम्ही संपूर्ण बंद केला आहे, पण करमणूक बंद केलेली नाही. रविवारी साइट बघायला जातो. आदल्या दिवशी फोन केला की बिल्डरची गाडी दारात येते, एसी लावलेली. तिथे पोचल्यावर थंड पाणी, कॉफी, बिल्डर बरा असेल तर सामोसा. मग सँपल फ्लॅट. त्यात दारं लावलेली नसतात, त्यामुळे खोल्या ऐसपैस वाटतात, आणि पलंग असा बेताचा केलेला असतो की त्यावर झोपायचं तर मला पाय शेजारच्या फ्लॅटमध्ये ठेवावे लागतील. बायको टेप घेऊन कार्पेट एरिया मोजते. रेरा आल्यापासून आकडे तोच धरून सांगावे लागतात, पण तिचा विश्वास टेपवर. सेल्सचा मुलगा नम्रपणे तिच्यामागे टेपचं दुसरं टोक धरून फिरतो. "मॅडम, आज टोकन दिलंत तर पार्किंगमध्ये काहीतरी बघू." मॅडम कोथिंबिरीच्या आवाजात विचारतात, "काहीतरी म्हणजे किती?" तो मोठ्या साहेबांना विचारून येतो म्हणून आत जातो. तेवढ्यात दुसरी कॉफी येते.

पुढच्या रविवारी मोशी आहे. साडेनऊला गाडी येईल, आणि फोनवरची मुलगी नाश्त्याला मिसळ आहे म्हणाली. सासूबाईंनाही घेऊन जाणार आहोत. कुटुंबाचा निर्णय आहे, सगळ्यांनी बघायला नको?