सोवळ्यातल्या कॅमेऱ्यास खुले पत्र

श्री. रा. रा. कॅमेरा महाशय,
मुक्काम नैतिक फोनची पाठ, वरचा कोपरा, यांस
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आपण काढलेले फोटो पाहण्यात आले. भाड्याचा हॉल, छताला पिवळे दिवे, संध्याकाळची आरती. फोटोत निरांजनाच्या जागी एक पांढरा डाग आहे. डागामागे काळोख आहे आणि त्या काळोखात बाप्पा असावेत अशी आमची श्रद्धा आहे. जास्वंदीच्या हारातलं एकही फूल वेगळं दिसत नाही, नुसता तांबडा पट्टा. मुख्य लेन्समधले काका सावळे आहेत, तर वाइड लेन्समधले तेच काका थेट कावीळ झालेले. टाळ वाजवणाऱ्या पोरांना तीन-तीन हात फुटलेत. एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. गोपनीयता जपावी तर अशी!

आपल्या कंपनीचं नाव चारचौघांत घेत नाही. तिचे हेतू चांगले आहेत आणि चांगल्या हेतूंना आम्ही घाबरतो. आपली, म्हणजे सचोटीच्या आणि खासगीपणा जपणाऱ्या फोनांची, बिरादरीही थोर. फेअरफोनवाल्यांनी ॲमस्टरडॅममध्ये बसून खनिज कुठल्या खाणीतून येतं, कामगाराला काय मिळतं, हे प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुणी गूगलविना चालणारी प्रणाली बांधली. लिब्रेम ५ या फोनवर तर कॅमेरा आणि माइक तोडून टाकणारं खरंखुरं बटण आहे. पाइनफोनच्या मागच्या कॅमेऱ्याला ५ मेगापिक्सेल. मोह नको म्हणजे नकोच!

आता आपली नेहमीची सबब: ‘आम्ही सचोटीचे, म्हणून आमचे फोटो साधे.’ ही सबब ऐकून आम्ही इतकी वर्षं मान खाली घालत आलो. फोटो बरा हवा म्हटलं, की काँगोतल्या खाणकामगाराशी बेइमानी केल्यासारखं वाटतं.

पण महाशय, सामान तरी कुठे हलकं आहे? २०२३ च्या फेअरफोन ५ मध्ये सोनीचा ५० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. हल्ली फोटो एकट्या लेन्सने होत नाही, त्याच्यामागे हिशेब असतो. बडे फोन एका क्लिकमध्ये मुद्दाम थोडे अंधारे असे अनेक फोटो झपाझप घेतात, ते एकमेकांवर नीट बसवतात आणि मग त्यांचा एक फोटो करतात. ज्योत जळून पांढरी होत नाही आणि काळोखातला चेहराही उजळतो, ते त्यामुळे. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, ते याच विद्येच्या जोरावर. शिवाय प्रत्येक सेन्सर वेगवेगळ्या दिव्यांखाली, रंगांच्या तक्त्यांसमोर बसवून घासूनपुसून घ्यावा लागतो. दोन लेन्सचे रंग जुळवावे लागतात. याला ट्यूनिंग म्हणतात. ते वेळखाऊ आहे, खर्चिक आहे आणि जाहिरातीत दिसत नाही.

यातली गंमत पुढेच आहे. हा सगळा हिशेब फोनच्या आत होतो. त्यासाठी तुमचा-आमचा फोटो कुठल्याही सर्व्हरवर धाडावा लागत नाही. पुरावा हवा? ग्राफीनओएस ही गोपनीयतेसाठी नावाजलेली प्रणाली घ्या. गूगलपासून सुटका हवी असणारे लोक ती गूगलच्याच पिक्सेल फोनवर चढवतात, हा विनोद तूर्त बाजूला ठेवू. तिथे कुठल्याही ॲपचं इंटरनेट तोडता येतं. गूगलच्या कॅमेरा ॲपचं तोडलं, तरी फोटो उत्तमच येतात.

आणि आपल्यावर? हौशी मंडळी त्याच ॲपची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे ‘जीकॅम’, आपल्या फोनवर बसवतात. लेन्स तीच, सेन्सर तोच, पण बहुतेक वेळा फोटो सुधारतो. म्हणजे गूगलशी काडीमोड घेतलेल्या फोनला बाप्पाचं तोंड दिसावं म्हणून गूगलकडेच उसनवारी करावी लागते. तेव्हा दोष लेन्सचा नाही आणि सचोटीचा तर मुळीच नाही. दोष आहे तो अर्धवट सोडलेल्या कामाचा.

ते जमणार नाही म्हणू नका. २०१७ मध्ये फेअरफोन २ साठी नवा कॅमेरा भाग निघाला, ८ मेगापिक्सेलच्या जागी १२ चा. ग्राहकाने घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो बदलला. २०२० मध्ये फेअरफोन ३+ चा कॅमेरा जुन्या फेअरफोन ३ मध्येही बसला. आपल्या बिरादरीला सुधारायची सोय आहे. खरं तर इतरांपेक्षा जास्तच आहे.

तेव्हा एक करा. पुढच्या मॉडेलला आणखी एक लेन्स चिकटवू नका. त्या पैशांत आहे त्याच सेन्सरचं ट्यूनिंग करणारी चार माणसं नेमा आणि विकून झालेल्या फोनवरही त्यांचं काम अपडेटमधून पाठवत राहा. फोन आठ वर्षं वापरा म्हणता ना? मग त्या आठ वर्षांत एका पोराचं अख्खं बालपण याच फोनवर साठणार आहे. ते पुन्हा काढता येत नाही.

आणि वाचकहो, असा फोन जरूर घ्या. मात्र मेगापिक्सेल विचारू नका. संध्याकाळच्या दिव्यात धावत्या मुलाचा एक फोटो काढून बघा आणि तो बरा आला नाही, तर कंपनीला तसं स्पष्ट लिहून कळवा. खासगीपणा जपायला वाईट फोटो लागत नाहीत.

कळावे, लोभ असावा,
आपला एक अस्पष्ट ग्राहक