पाच लाखांच्या आतली दंगल

नशिराबादच्या होतकरू कार्यकर्त्यांचं एक दुखणं अलीकडे वारंवार कानावर येतं. गावाची नगरपरिषद झाली, प्रभाग पडले, वाढदिवसाचे फ्लेक्सही लागले. पण अंगावर एकही राजकीय गुन्हा नाही. मग तिकीट मागायचं कोणत्या तोंडानं? चोरी, सट्टा, मारामारी हे खासगी गुन्हे. त्यांनी माणूस बदनाम होतो. बेकायदा जमाव, दंगल, सरकारी कामात अडथळा अशी कलमं शपथपत्रात असली म्हणजे उमेदवार संघर्षातून वर आलेला ठरतो.

अशा मंडळींनी आधी शासन निर्णय वाचावा. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याची सोय महाराष्ट्रात जुनी आहे. मुख्य अटी दोन. जीवितहानी झालेली नसावी आणि सार्वजनिक-खासगी मालमत्तेचं नुकसान पाच लाखांवर गेलेलं नसावं. अमुक तारखेपर्यंतचेच खटले, असंही त्यात लिहिलेलं असतं, पण घाबरू नये. तारीख पुढे सरकत राहते. सरकार कोणाचं, हा प्रश्न इथे गैरलागू. 2020 साली महाविकास आघाडीचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितलं, की भीमा कोरेगाव प्रकरणानंतरच्या 649 पैकी 348 आणि मराठा आरक्षण आंदोलनातल्या 548 पैकी 460 गुन्हे मागे घेतले. नंतर आलेल्या महायुतीनेही खटले मागे घेण्याचा निर्णय तितक्याच तत्परतेनं काढला. एवढं एकमत कापसाच्या भावावर कधी झालेलं खानदेशाला आठवत नाही.

आता यातले कित्येक खटले मागे घ्यायलाच हवेत, हेही खरं. रात्री कोंबिंगमध्ये दार वाजवून उचललेल्या पोराची पोलीस भरती हुकते, बाप दहा वर्षं जळगाव कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. पण सदराचा विषय ते पोर नाही. विषय आहेत आप्पा. आप्पा गावोगाव असतात. ते चिथावणी देताना माईकवर असतात आणि दगड पडताना जळगावला लग्नात.

आप्पांचं म्हणणं, दंगल अंदाजपत्रकात बसवून केली पाहिजे. महामंडळाच्या बसची काच फोडावी. अख्खी बस पेटवली की अट मोडली. नशिराबादच्या टोलनाक्याकडे तर वाकड्या नजरेनंही पाहू नये, तिथलं एकेक यंत्र परवडण्यापलीकडचं. लोटगाडी, पत्र्याची टपरी, फार तर एखादी जुनी दुचाकी, इतकं माफक ठेवावं. हात आखडता घेणाऱ्यांची दंगल नेहमी गरिबाच्याच दुकानावर का घसरते, ते यावरून कळेल.

पुढचं काम पंचनाम्यात. टपरीवाला सांगतो, ऐंशी हजारांचा माल होता. पावती? ती टपरीतच जळाली. मग पंचांच्या समक्ष पंचवीस हजार लिहिले जातात. आप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “काय करू राहिला भाऊ, आपल्याच गावात राहायचं आहे ना?”

फिर्यादीत आरोपी म्हणून दोनशे ते तीनशे अज्ञात इसम असतात. हा अज्ञात इसम दंगल करतानाचा व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसला ठेवतो, त्यावर गाणं लावतो, खाली नावही असतं; तरी तपासात तो अज्ञातच. मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींनंतर 2,267 गुन्हे नोंदले गेले. त्यातले 1,371 ‘अ समरी’ करून बंद झाले. गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. या दंगलींच्या चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी पुढाऱ्यांची आणि पोलिसांची नावं लिहून दिली, पण अहवाल वाचायला सरकारकडे चष्मा नव्हता.

जळगावलाही हा अनुभव नवा नाही. भिवंडी पेटली 7 मे 1970 ला आणि दुसऱ्या दिवशी जळगाव. न्यायमूर्ती मादन आयोगानं दोन्हीकडची चौकशी केली. भिवंडीत तपासासाठी नेमलेल्या खास पथकानंच पक्षपात केला, असा ठपका ठेवला. म्हणजे तपासाचाच तपास करावा लागला. धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेल्या भांडणाची अखेर पोलीस गोळीबारात सहा मृत्यूंनी झाली. तिथे पोलिसांवरच तोडफोड-लुटीचा आरोप आला आणि काहींना अटक झाली, कारण कुणीतरी मोबाइलवर चित्रण करून ठेवलं होतं. आमच्याच महामार्गावर जळगावच्या पलीकडचं पाळधी 31 डिसेंबर 2024 च्या रात्री पेटलं, तेव्हा ठिणगीला मंत्र्याच्या कुटुंबाच्या गाडीचा हॉर्न पुरला. दुकानं जळाली, संचारबंदी लागली आणि वर्षाचा पहिला दिवस लोकांनी घरात काढला.

खटले माफ करण्याच्या बाबतीत अमेरिकेकडून शिकण्यासारखं काही नाही. तिथे 6 जानेवारी 2021 ला संसदेवर चालून गेलेल्यांना पोलिसांनी सेल्फींवरून वेचून पकडलं, खटले चालवले, तुरुंगात घातलं. चार वर्षांची मेहनत. ट्रम्प पुन्हा आले आणि पहिल्याच दिवशी सुमारे दीड हजार जणांना माफी. ना समिती, ना पाच लाखांची अट. इतका उधळेपणा आपल्याला शोभत नाही. आपल्याकडे सरकारी वकील अर्ज करतो, न्यायालयाची संमती लागते, आणि आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानुसार उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते. म्हणून आप्पा अजून आमदारकीला उभे राहिलेले नाहीत.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 नं मात्र एक अडचण आणली आहे. खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताला म्हणणं मांडायची संधी द्यायची! एवढी वर्षं टपरीवाल्याला विचारायची पद्धत नव्हती, त्याचं नुकसान सरकारच माफ करून टाकत होतं. आप्पांनी यावरही उपाय काढला आहे. टपरीवाल्याला नव्या व्यापारी संकुलात गाळा मिळवून देण्याचा शब्द दिलाय. संकुल मंजूर नाही, जागाही ठरलेली नाही, पण शब्द पक्का आहे.

दरम्यान, आप्पा कार्यकर्त्यांना घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायला निघाले आहेत. महागाई पाहता नुकसानीची मर्यादा दहा लाख करावी, ही पहिली मागणी. दुसरी फक्त विचारणा आहे: सध्याचे पाच लाख जीएसटी धरून की सोडून?