पहियावाले काका

झाशीच्या सिपरी बाजारात 'पहियावाले अंकल' कुठे राहतात म्हणून विचारा. पत्ता सांगण्याआधी समोरचा तुमच्या गाडीची चाकं बघून घेईल, कारण काका त्यावरून आधी माणसाची परीक्षा करतात आणि मग पाणी विचारतात. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. घराणं झाशीच्या नेवाळकर राजांच्या काळात कोकणातून इकडे आलेलं. त्यामुळे त्यांचं मराठी अजून कोकणातलं, हिंदी बुंदेलखंडी आणि राग रेल्वेचा.

नोकरी झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. १८९५ साली जीआयपी रेल्वेने सुरू केलेल्या या कारखान्यात मालगाडीचे डबे दुरुस्तीला येतात. काका तिथे चाकांवर होते. आगगाडीचं चाक आसावर दाबून बसवलेलं, दोन चाकांमधलं अंतर ठरलेलं, कड झिजली तर लेथवर किती कातायची तेही कागदावर लिहिलेलं. त्यात काकांना काय आवडतं हे कुणी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या ताब्यात आली आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली आवडनिवड एकदम वर आली.

या गाडीला 'जुनी फियाट' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, कारखाना कुर्ल्याचा. मराठी मुलखातली गाडी आहे. आपल्यासारखीच वर येऊन राहिली." मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, ऑक्टोबर २०२३ मधल्या त्या दिवशी काका दोन वेळा जेवले, पण गप्प बसून. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, सोफ्यासारखी पुढची सीट, सगळं मूळचं. त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. बदलायची ती फक्त चाकं. का, म्हणून विचारलं की म्हणतात, "माणूस म्हातारा झाला तरी चप्पल नवी घेतो की नाही?"

ही चप्पल घेणं मात्र काही वर्षं चालू आहे.

शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे काकांचा व्हर्नियर कॅलिपर असतो आणि पँटच्या खिशात छोटी हातोडी. रेल्वेत चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतात. चाक धड असेल तर खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. ही सवय काकांनी पेन्शनबरोबर घरी आणली. कुणाच्याही दारात नवी गाडी दिसली की आधी टण्ण, मग नमस्कार. शेजारचे जावई पहिल्यांदा सासुरवाडीला नवी गाडी घेऊन आले, तेव्हा हा आवाज ऐकून हातात पोह्याची बशी घेऊन धावत बाहेर आले होते. काका चाकापाशी उकिडवे बसून म्हणाले, "काळजी करू नका, चाक निरोगी आहे." तपासून मिळाल्याबद्दल जावयांनी आभारही मानले. काकांपुढे माणसाचं असं होतं.

काकांचा खरा जीव मात्र पीसीडीत. अशा गाडीच्या अलॉय चाकाला बोल्टसाठी चार भोकं असतात. त्या चारही भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ काढायचं आणि त्याचा व्यास मोजायचा, तो पीसीडी. फियाटच्या घराण्यात हा आकडा अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. बाजारात ढिगाने मिळणारी बरीचशी अलॉय शंभरची. फरक दोन मिलिमीटरचा. एका गॅरेजमधल्या पोराने तीच शंभरची चाकं लावून दाखवली. पहिला बोल्ट सहज गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला जोर लावला, चौथा तिरका बसला. पोरगा हात पुसत म्हणाला, "बैठ तो गओ, दद्दा!" काका कडाडले, "बैठा नहीं, बिठाया है!" तरी एक फेरी मारून झालीच. वेग वाढला तसं स्टीअरिंग थरथरायला लागलं, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, समाधान होतं.

तेव्हापासून 'दोन मिलिमीटर म्हणजे थोडं नव्हे' हे त्यांचं वचन झालं आणि ते कुठेही लागू होतं. मोदकाची पारी जाड झाली, दोन मिलिमीटर. शिंप्याने सदऱ्याची बाही चुकवली, दोन मिलिमीटर. पुतणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळे पत्रिकेला दोष देत होते. काका म्हणाले, "पत्रिका जुळली होती, पीसीडी जुळला नाही." पुतणीला त्या दिवसात हसू आलं ते एवढ्याच वाक्याला.

शेवटी अठ्ठ्याण्णवची चाकं मिळाली ती भंगारात निघालेल्या एका पालिओ गाडीची. तेरा इंची. काकांनी ती घासली, रंगवली आणि अंगणात भिंतीशी ओळीने मांडली. काकू तुळशीला पाणी घालत, तेव्हा चाकांनाही प्रदक्षिणा घडत असे. बसवल्यावर नवी गणितं निघाली. टायर रुंद आणि स्टीअरिंग हातानेच ओढायचं, त्यामुळे काकांचा खांदा दुखू लागला. त्याचं खापर झाशीच्या थंडीवर फुटलं, मे महिन्यात. चाकाचा एकूण घेर मूळच्यापेक्षा कमी, म्हणून गाडी प्रत्यक्षात हळू जाते आणि मीटर जास्त दाखवतो. काकूंच्या मते आजवरच्या खर्चातून झालेली ही एकच सुधारणा.

त्याच चाकांवर आम्ही ओरछ्याला निघालो होतो, रामराजाच्या दर्शनाला. झाशीहून ओरछा जवळ, पण पंक्चरला तेवढं अंतर पुरतं. काका उत्साहाने उतरले. स्टेपनी मूळची, स्टीलची. अलॉयची बैठक जाड, म्हणून त्याचे बोल्ट लांब. तेच बोल्ट पातळ स्टीलच्या चाकाला लावले की टोकं आत ड्रमपर्यंत पोचतात आणि चाक फिरेना होतं. हे काकांना इतकं व्यवस्थित ठाऊक होतं की त्यांनी आम्हाला रस्त्याच्या कडेला मातीत आकृती काढून समजावलं. मूळचे आखूड बोल्ट कुठे आहेत, असं काकूंनी विचारलं. ते घरी होते, श्रीखंडाच्या डब्यात, तेल लावून, कापडात गुंडाळून. काकू समोरून आलेल्या रिक्षात बसल्या आणि दर्शन घेऊन, जेवून परत आल्या. तोवर झाशीहून स्कूटरवर डबा आला होता. "रामराजाला पोलिसांची सलामी मिळते," काकू म्हणाल्या, "आणि मला पान्याची."

तरी काकू ही चाकं काढा म्हणत नाहीत. गणपतीत सगळी मराठी मंडळी गावातल्या जुन्या गणेश मंदिरात जमतात. १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचं लग्न इथेच लागलं, हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि त्याच श्वासात त्याला बाहेर गाडीपाशी नेतात. पाहुणा वाकून चाक बघतो. काकू लांबून त्याच्याकडे बघत उभ्या असतात. त्याने चांगलं म्हटलं तर पेढे दोन मिळतात.

घरातल्या पलंगाखाली मूळची चार चाकं ठेवलेली आहेत, ग्रीस लावून, वर चकचकीत वाट्यांसह. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. साहेबाने गाडीत बदल केला म्हणून बोट दाखवायला नको, त्यामुळे आदल्या रात्री मूळची चाकं चढतात आणि काम झालं की उतरतात.

परवा नातवाने हिशेब मांडला. २०२८ मध्ये गाडी पन्नास वर्षांची होते. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, जुना नंबरही राहील, पण गाडी मूळ रूपात हवी. आणि रोज फिरवता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

"पेट्रोलला चालेल ना?" काकांनी विचारलं.

"चालेल."

"मग झालं. पंप भाजीबाजाराला लागूनच आहे."

"पण आजोबा, शेवटी जुनीच चाकं लावायची तर एवढा खटाटोप कशाला केला?"

काकांनी व्हर्नियर पुसून खिशात ठेवला. "अरे, मूळची चाकं पुन्हा बसवायची म्हणजे आधी ती काढलेली असायला नकोत?"