तुळजापूरची वेळ, दिल्लीचे घड्याळ

मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा सुमारे 9,289 किलोमीटरचा लोहमार्ग झारशाही रशियाने 1891 मध्ये बांधायला घेऊन 1916 मध्ये सलग पूर्ण केला, आणि आज परदेशी प्रवासी तो आठवडाभरात पार करतो. ‘समोवार’मधून, म्हणजे डब्याच्या टोकाला असलेल्या उकळत्या पाण्याच्या बंबातून, चहा करून पिणे आणि ‘प्रोवोद्नित्सा’चा, म्हणजे डबा सांभाळणाऱ्या महिला कर्मचाऱ्याचा, धाक बाळगणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. 2018 पर्यंत तेथील तिकिटांवर सर्वत्र मॉस्कोचीच वेळ छापली जाई, त्यामुळे सात तास पुढे असलेल्या व्लादिवोस्तोकला पहाटे उतरणाऱ्याच्या तिकिटावर आदल्या रात्रीचा आकडा दिसे. धाराशिवकरांना ही पद्धत मुळीच परकी वाटू नये, कारण सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या मार्गाला जानेवारी 2019 मध्ये मंजुरी देताना केंद्रीय मंत्रिमंडळाने 2022-23 ही जी मुदत सांगितली, ती बहुधा दिल्लीच्या घड्याळातली असावी. 2023 उलटले तेव्हाही तुळजाभवानीच्या भक्तांना तुळजापूर गाठण्यासाठी एसटीच पकडावी लागत होती.