काय भरणार?

कोल्हापुरात पिकअप घेऊन गल्लीत शिरणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारतात. पहिला, "कितीला पडली?" आणि दुसरा, "काय भरणार?" पहिल्याला मी घरी सांगितलेलाच आकडा सांगितला, म्हणजे खऱ्यातून वीस हजार वजा करून. दुसऱ्याला मात्र अडलो. वास्तविक हा प्रश्न मी स्वतः बँकेच्या कर्ज विभागात बसून तीस वर्षं लोकांना विचारत आलो होतो. पिकअपचं कर्ज मागायला माणूस आला की पेनाचं टोपण काढता काढता मी म्हणायचो, "काय भरणार?" आणि समोरचा ताठ बसून सांगायचा, दूध, वाळू, गूळ, कोंबड्यांची खुराडी. उत्तर नसलेल्याला मी कर्ज दिलेलं नाही.

"काही नाही, फिरायला घेतलीय," मी म्हणालो.

शेजारच्या तात्यांनी हौद्यात डोकावून पाहिलं. दसऱ्याला राजाराम महाराजांची मेबॅक बाहेर पडते तेव्हा लोक बघतात तसे गल्लीतले आणखी पाचसहाजण गोळा झाले होते, फक्त डोळ्यांतला भाव वेगळा होता. "फिरायला?" तात्या म्हणाले. "मग ह्यात कोण बसणार?"

मला भरायचा होता एकांत. पण शिवाजी पेठेत भर रस्त्यात उभं राहून हा शब्द उच्चारायची हिंमत झाली नाही.

निवृत्तीनंतर फोनवर मी व्हिडिओ बघायला लागलो. ऑस्ट्रेलियातलं एक जोडपं. लाल मातीचं माळरान, त्यात एक पिकअप, टपावर उघडलेला तंबू. बाई हौद्यातून एक ड्रॉवर ओढते तर आख्खं स्वयंपाकघर बाहेर येतं. बाप्या खुर्चीत बसून कॉफी पितो. दोघं तासभर एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. हे शेवटचं आमच्याही घरी जमत होतं, म्हणजे निम्मी तयारी झालेलीच होती.

इसुझूची व्ही-क्रॉस बघितली, टोयोटाची हायलक्स बघितली. हायलक्सची किंमत ऐकून बायकोनं चहाचा कप न पिता खाली ठेवला. मग एका कंत्राटदाराकडून बोलेरो कॅम्पर जुनी घेतली. दोन ओळींची केबिन, मागं हौदा. महिंद्रानं गाडीचं नावच कॅम्पर ठेवलंय, पण त्या गाडीनं जन्मात कॅम्पिंग केलेलं नव्हतं. स्लॅबच्या कामावर माणसं आणि सिमेंट वाहून ती मोठी झालेली. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात सिमेंटचा एक गोळा घट्ट बसला होता. छिन्नीनं निघाला नाही. तो अजून तिथंच आहे.

आधी कायद्याचं काम. आरटीओतल्या एजंटानं मला समोर बसवून, मी कर्जदारांना समजावायचो त्याच सुरात समजावलं. "सायेब, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावर जे लिवलंय त्यात परवानगीशिवाय बदल न्हाई. बॉडी कापायची न्हाई, वाढवायची न्हाई. जे बसवायचं ते नटबोल्टावर, कधीबी काढता येईल असं. आणि पिवळी नंबरप्लेट हाय, म्हणजे मालवाहू. हौद्यात गादी टाका, गादी हा माल झाला. तिच्यावर तुम्ही पडून प्रवास केला की गुन्हा झाला."

"राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे ना, २०२१ चं?"

"हाय की. पर त्याला कॅराव्हॅन लागती." त्यानं खिडकीतून माझ्या गाडीकडं आणि त्यातल्या सिमेंटच्या गोळ्याकडं बघितलं.

तिथून उद्यमनगर. ज्यांनी शिवाजी उद्यमनगर पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, तिथं कुठलीही वस्तू दाखवून "असं पाहिजे" म्हणायचं आणि चहा प्यायचा, एवढंच गिऱ्हाइकाचं काम असतं. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. परदेशी कॅमेऱ्यातलं नेमकं काय कुठं फिरतं ते बघायचं आणि लेथवर तसं काढायचं, ही इथली जुनी खोड. मी तिथल्या एका मिस्त्रींना ऑस्ट्रेलियन बाईचा ड्रॉवर दाखवला. त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. बाईकडं एकदाही बघितलं नाही.

"ह्यात काय हाय? कपाट आडवं करून च्यानलवर टाकलंय."

खडूनं जमिनीवर आकृती काढली. मी दहा वेळा बजावलं, वजन कमी पाहिजे, ॲल्युमिनियम वापरा. मिस्त्रींनी मान हलवली आणि दीड इंची स्क्वेअर पाइप घेतला. वर चेकर प्लेट. चारी कोपऱ्यांना अँगलचे आडवे ठोकळे. आठ दिवसांनी गेलो तर ड्रॉवर तयार, रेड ऑक्साइड मारलेला, आणि ओढायला दोन माणसं.

"हत्ती हुबा करा सायेब. हलणार न्हाई."

"मला शेगडी उभी करायचीय, मिस्त्री."

"मग तर अजिबातच हलणार न्हाई."

पण हलला. पहिल्याच दिवशी, रंकाळ्याकडं जाताना चढावर ड्रॉवर आपला आपण बाहेर आला आणि मागच्या रिक्षावाल्याला आमची चहा-साखर बघायला मिळाली. मग मिस्त्रींनी ट्रॉलीच्या फाळक्याला असते तसली लोखंडी कडी बसवली. ती लावताना असा काही आवाज होतो की गल्लीतली कुत्री उठून बसतात.

एक गोष्ट मात्र त्या वजनानं सुधारली. पिकअपचे कमानपाटे माल धरून बनवलेले असतात, त्यामुळं रिकामी गाडी खड्ड्यात जात नाही, खड्ड्यावरून उडते. परदेशात लोक यावर लाखभर रुपयांचे शॉकअब्सॉर्बर बसवतात. आमच्याकडं मिस्त्रींच्या ड्रॉवरनंच काम झालं. उरलेला उपाय म्हणून त्यांनी हौद्यात वाळूची चार पोती टाकायला सांगितली होती. एकांताबरोबर वाळू नेणं मला पटलं नाही.

विजेसाठी मिस्त्रींनी त्यांचा एक पाव्हणा गाठून दिला. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या टेम्पोंचं वायरिंग करण्यात त्याचा हातखंडा. त्याचा पहिला प्रश्न, "बेस किती लावायचेत?"

"बेस नाहीत. एक फ्रीज आहे, दोन दिवे, मोबाइल."

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू भीमसेन जोशींना कोणी दाराची बेल वाजवायला बोलावलंय. मी हिशेब मांडला. गाडीची मूळ बॅटरी स्टार्टरला दोन-चार सेकंद दणकून करंट देण्यासाठी असते. तिच्यावर रात्रभर फ्रीज चालवला की सकाळी गाडी ढकलायला माणसं लागतात, आणि एकांतात माणसं नसतात. म्हणून दुसरी बॅटरी, बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवर. गाडी चालू असताना ती चार्ज व्हावी आणि बंद झाली की मूळ बॅटरीपासून तुटावी, यासाठी मधे रिले. शंभर गुणिले बारा म्हणजे बाराशे वॅट-अवर. पंचेचाळीस वॅटचा फ्रीज निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दोन दिवस निघतात.

"बाराशे वॅटमधी दोन दिवस?" तो म्हणाला. "आमचं एक गाणं हुतंय तेवढ्यात." पण काम चोख केलं. वायर मात्र मनगटाएवढी जाड टाकली. पुढंमागं विचार बदलला तर असावी म्हणून.

टपावरचा तंबू विकत घेतला, त्याची किंमत मी इथंही लिहिणार नाही. आणि विंच घेणार होतो. चिखलात गाडी रुतली की पुढच्या झाडाला तार बांधून स्वतःला ओढून काढायचं यंत्र. मिस्त्रींना ते फार करुण वाटलं. "झाडाला कशाला बांधताय? ट्रॅक्टर हाईत की सगळीकडं."

सगळं झाल्यावर एका रविवारी आईनं गाडी तपासली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ड्रॉवर ओढायला लावला, शेगडी बघितली, फ्रीजचं झाकण उघडून आत हात घातला.

"पातेलं कुठं बसतंय?"

"दोघांचाच स्वयंपाक आहे, आई. हे एवढं लहान पातेलं."

"ह्यात आंबील तरी हुतीया का?" आई म्हणाली. "सौंदत्तीला मी सतरा वेळा जाऊन आलोय. ट्रकात. चाळीस माणसं, तीन मुक्काम. जळाण खाली, त्याच्यावर धान्याची पोती, त्याच्यावर वाकळ, वाकळंवर माणसं. तंबूला ताडपत्री, कळकाच्या चार काठ्या. पाणी दुधाच्या क्यानात. कुणाला काय कमी पडलं न्हाई." कोल्हापूरच्या जुन्या बायका आलो-गेलोच म्हणतात, त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं एखादा निवृत्त सुभेदार बोलतोय. मार्गशीर्ष पौर्णिमेला निपाणी, संकेश्वर ओलांडून यल्लमाच्या डोंगरावर जायचं, तिथंच चूल मांडायची, आणि परत आल्यावर पुन्हा इथं आंबील यात्रा करायची. माझ्या व्हिडिओतलं जोडपं जन्माला यायच्या आधीपासून आई हे करत होती. त्या प्रवासाला नाव एकच होतं, जत्रा, आणि ‘एकटं’ हा शब्द त्यात हरवलेल्या पोराबद्दल वापरला जायचा.

तसं बघायला गेलं तर महाराजांनीही आम्हाला एकटं फिरायची सवय लावलेली नाही. शाहू महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, घेऊन निघायचे, स्वतः हाकत. शिकारीचं वेड, पाळलेले चित्ते, राधानगरीचं रान. एकांताची सोय म्हणाल तर पुष्कळ. पण खडखडा थांबायचा तो अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलाशी, चारचौघांदेखत चहा प्यायला. ज्या काळात त्या हातचा चहा प्यायला गाव कचरत होतं, त्या काळात.

तर कार्तिकात निघालो. ठिकाण काळम्मावाडी धरणाच्या फुगवट्याला, ओळखीच्या पाव्हण्यांच्या रानात. मी आणि बायको. मग आई म्हणाली, केबिनमधे पाच सीटा हाईत. मग तात्या आले, कारण आईला बोलायला कोणीतरी पाहिजे. मिस्त्री आपल्या मोटरसायकलवरून मागून निघाले, वेल्डिंगचं टेस्टिंग बघायला. त्यांच्या मागं बसून डॉल्बीवाला, कारण बॅटरी. तात्यांचा मुलगा मारुतीतून, सोबत तालमीतले तिघं, कारण त्यांना सुट्टी होती. राधानगरीच्या रस्त्यावर मी आरशात बघितलं तर माझा एकांत तीन गाड्यांचा झाला होता.

वाटेत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा सुरू झाल्या. हंगाम लागला होता. एका रिकाम्या ट्रॉलीत बीडकडची ऊसतोड टोळी चालली होती. भांडी, चूल, पत्र्याची पेटी, गुंडाळलेली अंथरुणं, दोन कोंबड्या, एक झोपलेलं मूल, आणि कोपीला लागणाऱ्या कळकाच्या काठ्या. सहा महिन्यांचा संसार, सगळा बांधलेला, काही निसटत नव्हतं. मिस्त्रींच्या कडीची त्यांना गरज नव्हती. ट्रॉलीतल्या बाईनं माझ्या टपावरच्या तंबूच्या पेटीकडं बराच वेळ पाहिलं. सिग्नल नसलेल्या त्या रस्त्यावर ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला मला दहा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मी दुसरीकडं बघत गाडी चालवली.

रानात शिरताना गाडी रुतली. पाव्हण्यांनी आदल्या दिवशी उसाला पाणी दिलेलं. मी चाकांतली हवा कमी करण्याबद्दल बोलायला सुरुवात केली तोवर ट्रॅक्टर आला, साखळी आली, आणि मिस्त्री माझ्याकडं बघून काहीही बोलले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

माझ्या ड्रॉवरवर चहा झाला. दोन कप. बाकी स्वयंपाक तीन दगडांवर, पाव्हण्यांकडच्या पातेल्यात. फ्रीजनं मात्र लाज राखली: पाच किलो मटण राधानगरीच्या उन्हातून गार पोचलं. तांबडा रस्सा तात्यांनी केला, पांढरा मिस्त्रींनी, आणि कुणाचा चांगला यावर अकरा जणांत दोन तट पडले. ऑस्ट्रेलियन शांतता रात्री साडेअकराच्या सुमाराला लाभली. ती घालवली पाव्हण्यांनी. "रात्रीचं गवं येत्यात खाली उसात," ते सहज म्हणाले आणि घरी झोपायला गेले.

दाजीपूरच्या गव्याचं वजन माझ्या ड्रॉवरपेक्षाही जास्त असतं. तंबू दोघांचा. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि आई उठून शिडी चढायला लागली. मागोमाग बायको. वरून चेन लावल्याचा आवाज आला. तालमीतले तिघं मारुतीत गेले. मी पुढच्या सीटवर, गिअरचा दांडा बरगडीत घेऊन. मिस्त्री हौद्यात सिमेंटच्या गोळ्याला डोकं टेकून ढाराढूर झोपले. गाडी उभी होती, त्यामुळं एजंटानं सांगितलेला गुन्हा झाला नसावा.

पहाटे धुकं पाण्यावर उतरलं होतं. मी खुर्ची घेतली, कप घेतला, व्हिडिओतल्यासारखा बसलो. एक मिनिट झालं असेल. वर तंबूची चेन उघडली.

"आरं, झोप लई चांगली लागली," आई म्हणाली. "आता पौर्णिमा आली की. तात्यांशी बोललोय मी. गल्लीतली एक गाडी आणि ही एक. तुझ्या त्या खणात देवीची परडी बसती का बघ."

मी उठून ड्रॉवर ओढला. एकट्यानं ओढला जात नाही, म्हणून मिस्त्रींना उठवलं. त्यांनी डोळे चोळत खिशातून टेप काढली, आईला परडीचं माप विचारलं, आईनं दोन्ही हात पसरून दाखवलं.

"दोन इंच कमी पडतंय," मिस्त्री म्हणाले. "कापूया."