अठरापैकी एक

(पुण्यातलं एक जुनं वाचनालय. बंद व्हायला वीस मिनिटं. काउंटरवर ग्रंथपालबाई, समोर होतकरू लेखक, खांद्याला शबनम.)

होतकरू : बाई, लेखन कसं करावं यावर आणखी काही आलंय का?

बाई : आधीची तीन परत आलेली नाहीत. स्टीफन किंगचं 'ऑन रायटिंग' मार्चपासून तुमच्याकडे आहे. दंड एकशे बारा रुपये.

होतकरू : ते वापरात आहे हो. तो म्हणतो, क्रियाविशेषणं टाळा. मी सगळी काढली.

बाई : मराठीतून?

होतकरू : हो. आधी होतं, तो धपकन पडला, ती खुदकन हसली, म्हातारीने दार धाडकन लावलं. आता, तो पडला. ती हसली. म्हातारीने दार लावलं.

बाई : पंचनामा झाला की हो! आणि तो माणूस रोज दोन हजार शब्द लिहायचा, हेही त्याच पुस्तकात आहे. ते पान नाही दिसलं?

होतकरू : तिथे खूण घालून ठेवलीय.

बाई : फडक्यांचं 'प्रतिभासाधन' बघा मग. 1931चं आहे, जपून हाताळा.

होतकरू : दोनदा झालं. टिपणंच सव्वाशे पानं भरली. वाळंबेही झाले. शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम पाठ आहेत.

बाई : आता ऱ्हस्व-दीर्घ तपासायला एखादं वाक्य तेवढं हवं.

होतकरू : थट्टा नको. पाया पक्का झाल्याशिवाय लिहू नये, असं माझं मत आहे.

बाई : (कपाटातून एक पिवळट पुस्तक काढत) राजशेखराची 'काव्यमीमांसा'. अकराशे वर्षांपूर्वीची. लेखक कनौजच्या दरबारातला, पण त्याच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत. म्हणजे आपलाच. संस्कृत येतं?

होतकरू : दहावीला पूर्ण शंभर मार्कांचं होतं. अठ्ठ्याण्णव पडले.

बाई : म्हणजे येत नाही. मीच सांगते. कवीचं घर कसं असावं, दिवस कसा असावा, सगळं दिलंय. पहिल्या प्रहरी अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, मग स्नान-भोजन, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्टी, चौथ्या प्रहरी सकाळच्या लिखाणाची तपासणी.

होतकरू : दुसरा प्रहर सोडला तर मी हे सगळं पाळतो.

बाई : जवळ काय असावं तेही आहे. पेटी, फळा, खडू, टाक-दौत, भूर्जपत्रं, ताडपत्रं, लोखंडी खिळे.

होतकरू : (लिहून घेत) खिळे बोहरी आळीत मिळतील. किती इंची?

बाई : लगेच पुढे तो म्हणतो, खरी सामग्री म्हणजे प्रतिभाच.

होतकरू : ती पुढच्या भागात असेल. एकूण भाग किती?

बाई : बेत अठरांचा होता. हाती आहे तो पहिलाच.

होतकरू : अरेरे! बाकीचे सतरा?

बाई : ते असते तर तुम्ही आणखी सतरा वर्षं लिहिलं नसतं. हे ऐका, ग्रंथ कशाने बुडतात त्याची यादी. आग, पाणी, विक्री, दुसऱ्याकडे ठेवायला देणं. हे शेवटचं आमच्या तीन पुस्तकांनाही लागू आहे. शिवाय पुढे पुरं करू, मग सुधारू, जरा मित्रांशी बोलून घेऊ, असं म्हणत राहणं.

होतकरू : (दचकून) हे त्याला कोणी सांगितलं?

बाई : वाचा तुमचं काय असेल ते. थांबा! नवं लिखाण एकट्या माणसापुढे वाचू नये, असंही त्यात आहे. उद्या मी ते माझंच म्हटलं, तर तुमच्या बाजूने साक्ष कोण देणार? मामा, जरा इकडे या!

(शिपाई येतात. हातात कुलूप.)

होतकरू : (वही उघडून, घसा साफ करून) म्हातारीने दार लावलं.

शिपाई : कसं लावलं? हळूच, का धाडकन?

होतकरू : ते मी काढून टाकलं.

शिपाई : मग रागावली होती, का कुणाला लपवत होती, ते आम्ही ओळखायचं कसं?

(होतकरू बराच वेळ गप्प. बाई दंडाची पावती उलटी करून पेनासकट पुढे सरकवतात.)

होतकरू : लपवत होती.

शिपाई : कुणाला?

(दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात ते खाली घेतात.)