पापणी लवणारा माणूस

विदर्भाच्या राजकन्येपुढे भर मंडपात एकाच चेहऱ्याचे पाच पुरुष उभे राहिले, तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी नळाचं रूप घेतलं होतं आणि खराखुरा नळ त्यांच्या रांगेत अवघडून उभा होता. रूप, रंग, वेष, सगळं तंतोतंत. दमयंतीने हात जोडून देवांनाच साकडं घातलं आणि देवांनी, लाजून म्हणा की दया येऊन म्हणा, आपापल्या खुणा उघड केल्या. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, गळ्यातली फुलं टवटवीत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि पापण्या लवत नव्हत्या. पाचव्याच्या हाराची फुलं मलूल झाली होती, अंगावर धूळ होती, सावली पडली होती, आणि त्याची पापणी लवली. तिने माळ त्याला घातली. वनपर्वातली ही गोष्ट आम्हाला शाळेत रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून भेटली; पण तिथे सगळा जीव त्या सोनेरी हंसात अडकायचा आणि मंडपातल्या या तपासणीकडे, परीक्षेला येत नसल्यामुळे, कोणी लक्ष देत नसे. मला तिची आठवण झाली ती परवा, मोबाइलच्या पडद्यावरच्या लांबट वर्तुळात तोंड बसवून ‘डोळ्यांची उघडझाप करा’ ही आज्ञा पाळत असताना.

डेटिंग ॲपवरचं ते खातं माझ्या भाचीने उघडून दिलं होतं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मेलबर्नला, आणि मामा संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारून आला की भिंतींशी बोलतो, अशी तिची तक्रार. “मामा, यात लाजायचं काय? पटलं तर बोलायचं, नाही तर गप्प बसायचं. बँकेच्या रांगेत अनोळखी माणसांशी बोलताच ना?” बोलतो हे खरं, पण बँकेच्या रांगेत कोणी माझा फोटो अंगठ्याने डावीकडे सरकवून मला विंगेत ढकलत नाही. आमच्या वेळी हे काम स्थळाच्या चौकशीतून होत असे. मुलगा नाशिकचा म्हटलं की नाशिकची आत्या कामाला लागे. वाण्याकडून उधारीची वही, घरमालकाकडून येण्याजाण्याच्या वेळा आणि ऑफिसच्या शिपायाकडून स्वभाव काढून ती पोस्टकार्ड टाकी, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘मुलगा चांगला आहे, पण चालताना खाली बघतो’ असा शेरा मारी. माझ्याबद्दल माझ्या सासरी नेमकं काय कळवलं गेलं होतं, ते बायकोने शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की हसायची.

तर त्या ॲपवर एक बाई भेटल्या. मूळच्या पेणच्या, आता बोरिवलीला मुलीजवळ. त्यांचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, फोन नंबर मागण्याइतकी भीड चेपलेली नव्हती. आमचं बोलणं मुख्यतः कडव्या वालांवर चाले. बिरडं पुरुषांच्या हातून होत नाही, कारण वाल सोलायला लागणारा धीर पुरुषांकडे नसतो, असं त्यांचं ठाम मत. मी त्यांना माझी रीत लिहून पाठवली होती: रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सालं काढायची. एक गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही, तीही सांगितली. ज्या वालांना मोड येत नाहीत ते मी टाकून देत नाही. वेगळ्या वाटीत ओल्या फडक्याखाली ठेवतो. आणखी एक रात्र दिली की त्यांच्यातले बरेच मनावर घेतात.

आणि एका सकाळी दार बंद. आपण आपणच आहात याची खात्री होईपर्यंत आपलं खातं थांबवण्यात येत आहे, असा निरोप. ज्या प्रश्नापाशी थोर थोर साधुसंत आयुष्यभर बसून राहिले, तो या मंडळींनी मला पहिल्या चहाआधी घातला आणि उत्तरासाठी खाली एक निळं बटणही दिलं. दाबलं. अडचण जन्मतारखेची निघाली. माझा जन्म श्रावणातला, नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. लाह्या अर्ध्या भाजून टाकून सुईणीला आणायला धावाधाव झाली, असं आई सांगायची. पंचांगावरून काढलेली ती ऑगस्टमधली तारीख मी ॲपला दिली होती, कारण प्रेमाच्या बाबतीत तरी माणसाने खरं बोलावं. आधारवर मात्र १ जून. शाळेत नाव घालताना आमच्या मास्तरांनी फार चौकशी न करता निम्मा वर्ग १ जूनला जन्माला घातला होता. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे महाराष्ट्रात दर ३१ मे रोजी कार्यालयंच्या कार्यालयं ओस पडतात आणि हारवाल्यांची चंगळ होते, ती अशा मास्तरांच्याच कृपेने. नोकरी, पेन्शन, विमा, सगळीकडे मी १ जूनचा होऊन राहिलो. खऱ्या तारखेचा मी एवढा एका ठिकाणी वावरत होतो आणि नेमका तिथेच तोतया ठरलो.

१ जून कबूल केल्यावर पुढची पायरी चेहऱ्याची. ‘चष्मा काढा’ अशी सूचना आली. काढला. त्यानंतर आणखी काही सूचना आली असावी, कारण पडद्याच्या तळाशी काहीतरी हललं. पण ते वाचायला चष्मा हवा होता. लावून वाचलं, ‘चेहरा चौकटीत आणा’. काढून आणला, तोवर तिसरं काहीतरी हललं. मग यंत्र एकदम अडलं. चौकटीत एकच व्यक्ती असावी, असं म्हणू लागलं. घरात मी एकटा. मागे वळून पाहिलं तर भिंतीवर बायकोची तसबीर, चंदनाच्या हारातली. यंत्राने तिच्याही चेहऱ्याची दखल घेतली होती. इतक्या वर्षांत तिला घरातली दुसरी व्यक्ती म्हणून मोजणारं हे पहिलंच कोणी. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग मी मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला टेकून उभा राहिलो. पडदा लाल झाला, निळा झाला, हिरवा झाला; त्वचेवरून तो प्रकाश कसा परततो यावरून समोर जिताजागता माणूस आहे की कोणी कागदाचा मुखवटा धरलाय, ते कळतं म्हणे. गणपतीच्या मांडवातल्या रोषणाईसारखा मी स्वतःच्या ओट्याशी रंग बदलत होतो. डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. उघडझाप करा.

पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियाँ नावाचा एक कारकून होता. गुन्हेगार नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात याला कंटाळून त्याने १८८० च्या दशकात माणसाची अकरा मापं घ्यायची पद्धत बसवली. डोक्याची लांबी, उजवा कान, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट, असं काय काय. अकरा मापांत त्याचा माणूस मावत असे. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली जी फेसनेट नावाची रीत मांडली, तिला नुसत्या चेहऱ्याला १२८ आकडे लागतात. दोन फोटोंच्या आकड्यांतलं अंतर ठरल्या मर्यादेच्या आत असलं की माणूस तोच. सव्वाशे-दीडशे वर्षांत माणूस अकराचा एकशे अठ्ठावीस झाला, ही प्रगतीच म्हणायची.

मला यात नाक मुरडायचा अधिकार नाही. माझी सगळी नोकरी पोस्टात, आणि तिचा बराच भाग बचत बँकेच्या काउंटरमागे गेला. पैसे काढायच्या फॉर्मवरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी ताडून पाहायची आणि समोरचा माणूस समोरचाच आहे का ते ठरवायचं, हाच माझा धंदा. एक आजी महिन्याला यायच्या. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकलेल्या. कार्डावर त्यांचं नाव कानामात्रांसकट सरळ उभं होतं. पुढे हात कापायला लागला तशी एकेक मात्रा गळत गेली, शेवटी सही म्हणजे पावसात भिजलेली मुंग्यांची रांग. नियमाप्रमाणे ती जुळत नव्हती. अशा वेळी ऑफिसला ओळखीचा साक्षीदार लागतो. त्यांच्या बीटचा पोस्टमन नुकताच फेरी संपवून पाणी पीत होता, त्याला हाक मारली आणि विचारलं, या त्याच का? त्याने तांब्या खाली ठेवला, आजींकडे पाहिलं, माझ्याकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, दुसऱ्या कोण असणार?” याला १२८ आकड्यांत कुठे बसवावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

उघडझापीचा सराव मात्र मला होता. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली जीवन प्रमाण आलं आणि ते बोटाच्या ठशावर होऊ लागलं; २०२१ पासून चेहराही चालतो. घरबसल्या फोनपुढे पापणी लववायची, की आपण जिवंत. सरकारला तेवढ्यावर वर्षभर समाधान असतं. या ॲपचं समाधान होईना. त्यांच्याकडून मेल आली, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. तळाशी कुणाचं तरी नुसतं पहिलं नाव. ते नाव धारण करणारं कोणी पापणी लववत असेल का, हे विचारायची सोय नव्हती.

मला चिंता होती ती पलीकडची. माझ्याकडे कुलूप होतं, पण तिकडे काय दिसत असेल? वालांवरच्या चर्चेतून मध्येच उठून गेलेला एक गृहस्थ. नळानेही तेच केलं होतं; रात्री झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन तो अरण्यातून नाहीसा झाला. पुढे कर्कोटक डसला, रूप गेलं आणि तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे घोडे सांभाळू लागला. तो सापडल्यावर दमयंतीने डोळे, पापण्या काही पाहिलं नाही, पाहून उपयोगही नव्हता. केशिनी नावाच्या दासीला प्रश्न देऊन पाठवलं, मग त्याने रांधलेलं मांस आणवून चाखलं, मग मुलांना त्याच्याकडे धाडलं. चवीनेच तिला उत्तर दिलं होतं. ती चव नळाला कुठून आली, तर लग्नात देवांनी वर दिले तेव्हा अन्नाची गोडी त्याच्या हाताला यमाने दिली. हे वाचून मी पुस्तक मिटवून बसलो. मीही स्वयंपाक यमाकडूनच शिकलो. तो घरी येऊन गेल्यावरच मला पहिल्यांदा विचार करावा लागला की आमटीत आमसूल आधी की मीठ आधी.

खातं उघडलं ते बिनआवाज. जन्मतारीख १ जून, नावापुढे छोटीशी निळी खूण, म्हणजे आता मी अधिकृत. बाईंच्या नावापुढे माझ्या गैरहजेरीतले दोन निरोप साठले होते. पहिला चौकशीचा, दुसरा थोडा तुटक, नंतर काही नाही. मी सगळी हकीकत लिहिली. चष्मा, फ्रिज, नागपंचमी; तसबिरीचं तेवढं गाळलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. हल्ली फसवाफसवी फार चालते, मुलीने बजावून ठेवलंय, तेव्हा ती निळी खूण राहू द्या. मोड न आलेल्या वालांचं तुम्ही काय करता ते आधी सांगा.

मी वाटी, ओलं फडकं आणि जादा रात्र, सगळं सविस्तर लिहून पाठवलं. तेवढ्यावर त्यांनी मला मी म्हणून दाखल करून घेतलं आणि लगेच, बिरड्यात आमसूल घालणाऱ्यांना चव कळत नाही, चिंचच लागते, असं सुनावलं. हे मला मान्य नाही. काल रात्रीपासून आमचा त्यावर वाद चालू आहे.